आजीचं गोंदण पुसू नका

प्रति,
महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले सर्व फोटो स्टुडिओचालक, छायाचित्रकार आणि कॉम्प्युटरवर फोटो करणारे बंधू-भगिनी

विषय : माणसांच्या फोटोंवर होणारं रीटचिंग आणि रंगदुरुस्ती



एक प्रसंग तुम्हां सगळ्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीतून तरुण मुलगा दुकानात येतो. आजी जाऊन चार-पाच दिवस झालेले असतात. बाराव्याला फोटो हवा म्हणून तो घाईत असतो. प्लास्टिकच्या पिशवीतून तो कुणाच्या तरी लग्नातला फोटो काढतो. त्यात आजी तिसऱ्या ओळीत उभी, डोक्यावर पदर, डोळे उन्हानं बारीक झालेले. ‘एवढीच काढून मोठी करून द्या, आणि जरा क्लीन करा,’ असं सांगून तो समोर चहा प्यायला जातो.

फोटो स्कॅन होतो. आजीचा चेहरा पडद्यावर दोनशे टक्के मोठा होतो. दोन भुवयांच्या मधोमध आणि हनुवटीवर हिरवट-निळे ठिपके दिसतात. हीलिंग ब्रश त्यावर टेकला की शेजारची कातडी तिथं येऊन बसते आणि ठिपका जातो. दुसरा जातो, तिसरा जातो. मग डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, मग गालावरचा तीळ. कातडीवर गुळगुळीतपणाचा हात फिरतो. कर्व्हची रेष मधोमध धरून वर ओढली की चेहरा उजळतो. मागचा मांडव कापला जातो आणि तिथं निळं-जांभळं बॅकग्राउंड येतं. वीस मिनिटांत काम तयार. मुलगा येतो, बघतो, ‘छान झालाय’ म्हणतो आणि फ्रेम घेऊन गाडी पकडतो.

घरी आजीची धाकटी बहीण त्या फोटोपुढे उभी राहते आणि कपाळाकडे बघत राहते. त्या दोघींनी दारावर आलेल्या गोंदणारणीकडून एकाच दिवशी गोंदून घेतलेलं असतं. दागिने इथंच राहतात, माणसाबरोबर जातं ते फक्त गोंदण, असं आपल्याकडच्या जुन्या बाया मानत आल्या. तेच फोटोत उरलेलं नसतं.

हे पत्र त्या पुसलेल्या ठिपक्यांसाठी लिहिलं आहे. तुमच्या धंद्याची ओढाताण कुणाला दिसत नाही असं समजू नका. रीळ गेलं, मग मोबाइल आला आणि घरातला प्रत्येक जण फोटोग्राफर झाला. लग्नसराईचे चार महिने सोडले तर पासपोर्ट साइजच्या आठ प्रती, लॅमिनेशन आणि वाढदिवसाचे बॅनर यांवर दुकान चालतं. २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेतल्या तळमजल्यावरच्या दुकानांत चिखल शिरला, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांचे प्रिंटर, कॉम्प्युटर आणि वर्षानुवर्षांचा साठाही त्यात गेला असणार. तरी त्यानंतर शटर वर उचलून पुन्हा उभे राहिलेले तुम्हीच आहात. म्हणूनच तुमच्याशी मोकळेपणानं बोलता येतं.

महाड-पोलादपूरला फोटोची किंमत इतर गावांपेक्षा वेगळी आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते इथं दरडी घरांवर आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी बस गेल्या, आणि त्यातली काही माणसं पुन्हा कुणाला दिसलीच नाहीत. २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर डोंगर आला आणि ८० हून जास्त माणसं दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथंही दरडी कोसळल्या. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४.४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. सावित्री तिथूनच खाली उतरते, आणि ते पाणी महाडच्या घराघरांत शिरलं.

तळीयेत काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. जे सापडले नाहीत त्यांना मृत घोषित करण्यात आलं. घर गाडलं गेलं तिथं भिंतीवरची फ्रेमही गेली आणि पत्र्याच्या पेटीतला अल्बमही गेला. अशा घरातल्या माणसाचा फोटो मिळतो तो नातेवाइकांच्या मोबाइलमधून, मुंबईतल्या भावाच्या लग्नाच्या अल्बममधून, नाहीतर आधार कार्डाच्या झेरॉक्सवरून. देह नाही, घर नाही, आणि हातात उरलेला तो एकच अंधुक चेहरा घेऊन माणूस तुमच्या काउंटरवर येतो. त्या चेहऱ्याचं पुढे काय करायचं, हे तुमच्या हातातला माउस ठरवतो. एवढी जबाबदारी या तालुक्यांत फार थोड्यांकडे आहे.

म्हणून काही तक्रारी आणि काही मागण्या. एकेक करून मांडायच्या आहेत.

पहिली तक्रार रंगाची. ‘फेअर करून देतो’ हे शब्द आता कुणी मागायच्या आधीच दुकानात उच्चारले जातात. आषाढात चिखलात उभं राहून भाताची लावणी करणारी बाई, डोंगरउतारावर नाचणी करणारा गडी, महामार्गाच्या कामावर दिवसभर उन्हात असलेला मजूर, सगळे तुमच्या प्रिंटरमधून एकाच गव्हाळ-गुलाबी रंगाचे होऊन बाहेर पडतात. आणि चूक उघडी पडते ती हातांवर. चेहरा उजळवलेला, मान थोडी उजळवलेली, पण मांडीवर ठेवलेले हात, कानाच्या पाळ्या आणि पावलं आपल्या मूळ रंगात राहिलेली. एका माणसाच्या अंगावर दोन माणसांचे रंग.

या खोडीचं मूळ तुमच्या दुकानात नाही, हेही सांगायला हवं. फोटोचा धंदाच गोऱ्या कातडीचं माप धरून वाढला. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-फोटो देत असे, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर गोरी बाई असायची. तिची कातडी बरोबर उमटली की मशीन बरोबर, असा हिशोब. सावळ्या माणसाचा चेहरा त्या मापात काळवंडून जायचा आणि फक्त डोळे-दात उठून दिसायचे. फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी तपकिरी रंगाच्या छटा फिल्मवर नीट येत नाहीत अशी ओरड केली, तेव्हा कंपनीनं फिल्म सुधारायला घेतली. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांना एकत्र दाखवणारं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं.

जग आता त्या मापापासून मागं सरतं आहे. १९७५ मध्ये आपल्या देशात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ला २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढावा लागला. त्याच वर्षी लोकांनी आवाज उठवल्यावर लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं वधू-वरांना कातडीच्या रंगावरून निवडण्याची सोय काढून टाकली. २०२२ मध्ये गुगलनं समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली दहा वर्णछटांची पट्टी स्वीकारली, कारण आधीच्या मापात सावळ्या माणसांना पुरेशी जागाच नव्हती. हे सगळं होत असताना महाडच्या दुकानात मात्र चेहऱ्यांसाठी एकच छटा चालू आहे.

इथं एक फरक तुम्हांला कुणी शिकवायची गरज नाही, पण कागदावर आलेला बरा. भर दुपारी पांढरा सदरा घालून उभ्या असलेल्या सावळ्या माणसाचा फोटो काढला तर कॅमेरा सदऱ्याला भुलतो आणि चेहरा काळोखात जातो. तो काळोख काढणं, सावलीतलं नाक-डोळे वर आणणं, ही खरी कारागिरी. त्यात कातडीचा रंग तोच राहतो, फक्त दिसायला लागतो. काळोख काढायच्या नावाखाली रंगच बदलणं हे वेगळं काम आहे. पहिल्यासाठी तुमचे आभार मानावेत, दुसरं थांबवावं.

महाड हे चवदार तळ्याचं गाव. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक त्या तळ्याचं पाणी प्यायले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथंच मनुस्मृती जाळली गेली. या दोन तारखांना आजही लांबलांबून माणसं येतात आणि बाबासाहेबांचा फोटो घेऊन परत जातात. त्यातले बहुतेक रंगीत फोटो मूळच्या कृष्णधवल फोटोंवरून रंगवलेले असतात, आणि रंगवणारा हात पुष्कळदा गुलाबी चेहरा देतो. निदान या गावातून जाणारा त्यांचा फोटो तरी गोरेपणाच्या मापातून सुटलेला असावा.

दुसरी तक्रार खुणांची. गोंदणाचं वर सांगितलं. तसेच देवीचे व्रण. १९७० च्या दशकात देशातून देवीचा रोग गेला. आज ज्यांच्या चेहऱ्यावर ते व्रण आहेत ती माणसं त्या साथींतून वाचलेली आहेत. कोयत्याचा जुना वार, भाजल्याचा डाग, तुटलेला दात, एका बाजूला कललेलं हसू, मोतीबिंदूनं पांढुरलेला डोळा. घरची माणसं याच खुणांवरून ओळख सांगतात. कानाजवळ तीळ असलेल्या माणसाला अख्खी वाडी ‘तिळ्या’ म्हणून ओळखत असेल आणि फ्रेममधल्या फोटोत तीळच नसेल, तर तो फोटो कुणाचा?

तात्पुरत्या आणि कायमच्या खुणांत फरक करता येतो. फोटोच्या दिवशी आलेली पुटकुळी, डास चावल्याचा लाल ठिपका, गालाला लागलेला गुलाल, स्कॅनरच्या काचेवरची धूळ हे सगळं काढा, कुणाची हरकत नाही. वर्षानुवर्षं त्या चेहऱ्यावर राहिलेलं आहे ते राहू द्या.

रीटचिंग हे काही कॉम्प्युटरनं आणलेलं खूळ नाही. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फष्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रीटच केलेली निगेटिव्ह मांडून लोकांना चकित केलं होतं. आपल्याकडचे जुने स्टुडिओवाले टोकदार शिसपेन्सिल घेऊन निगेटिव्हवर तासन्‌तास बसत. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल लागेल तिथं छापील फोटोत उजेड येतो, म्हणून सुरकुतीची रेघ ते बारीक टिंबांनी भरत. ते काम इतकं सावकाश होई की काय ठेवायचं आणि काय काढायचं याचा विचार करायला वेळ मिळायचा. नॉल बंधूंनी बनवलेलं फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं, २००२ मध्ये त्यात हीलिंग ब्रश आला, आणि जे काम तासाभराचं होतं ते एका क्लिकवर आलं. हात वेगानं चालायला लागला, पण ‘हे काढावं का?’ हा प्रश्न विचारायची जागा मधल्यामध्ये हरवली. तीच जागा परत मागायला हे पत्र आहे.

तिसरी तक्रार धडाची. मेलेल्या माणसाचं डोकं कापून कोट-टायच्या तयार धडावर बसवायचं, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की गावोगावच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर एकच निळा कोट पुन्हा पुन्हा दिसतो. जन्मभर पांढरी टोपी आणि सदरा-लेंगा घातलेला वारकरी मेल्यानंतर बँकेचा साहेब होतो. काही जण म्हणतील, जुन्या स्टुडिओतही गिऱ्हाइकासाठी कोट टांगलेला असायचा. असायचा खरा. पण तो कोट माणूस स्वतः अंगात घालायचा, आरशात बघायचा, बटण लावायचा आणि ताठ उभा राहायचा. ती त्याची हौस होती. आज कोट चढतो तो ज्याला विचारता येणार नाही अशा माणसावर. बायकांचंही तसंच. नऊवारी नेसणाऱ्या आजीला सहावारी भरजरी साडी दिली जाते, गळ्यात तिनं कधी न घातलेला हार येतो.

चौथी तक्रार रंगदुरुस्तीच्या घाईची. १९७०-८० च्या दशकांतले रंगीत फोटो आज तांबडे दिसतात, कारण त्या कागदातलं निळसर द्रव्य आधी उडतं आणि तांबडं मागं उरतं. असा फोटो आला की बहुतेक ठिकाणी एक तर ‘ऑटो कलर’ दाबलं जातं नाहीतर सरळ कृष्णधवल केला जातो. ऑटो कलरला ठाऊक नसतं की मागची भिंत निळीची होती की चुन्याची, लुगडं हिरवं होतं की जांभळं. ते घरच्या माणसाला ठाऊक असतं. फोटोत पांढरं असायला हवं असं काहीतरी असतंच, टोपी, दात, धोतराचा सोगा. तिथून रंग धरून हळूहळू तांबडा उतरवला तर चेहरा आपोआप जागेवर येतो. नव्या फोटोंतही ट्यूबलाइटची हिरवट झाक आणि बल्बची पिवळी झाक निघायला हवी ती कॅमेऱ्यात पांढऱ्याचं माप नीट धरून. त्याऐवजी चेहऱ्यावर गुलाबी रंग ओतला की झाक तशीच राहते आणि माणूस आजारी दिसतो. दुकानाच्या दारातून ऊन थेट मॉनिटरवर येत असेल तर कोणताही रंग खरा दिसणार नाही. मॉनिटर फिरवून ठेवायला पैसे लागत नाहीत.

पाचवी तक्रार नवी आहे आणि सगळ्यांत गंभीर आहे. तिसऱ्या ओळीतला नखाएवढा अंधुक चेहरा आता ‘एआय’च्या बटणानं स्वच्छ, रेखीव होऊन येतो. गिऱ्हाईक थक्क होतं. पण त्या नखाएवढ्या चेहऱ्यात पापण्या नव्हत्याच, दातांची ओळ नव्हती, बुबुळातली चमक नव्हती. मशीननं ती हजारो परक्या चेहऱ्यांवरून रचली. २०२० मध्ये अमेरिकेत ‘पल्स’ नावाच्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामांचा अंधुक केलेला फोटो दिला, तर तिनं एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दाखवला. जगात सगळ्यांच्या ओळखीच्या माणसाची ही गत, तर साखर सुतारवाडीच्या एखाद्या आजोबांचं काय होत असेल? ओबामांचा खरा चेहरा जगाला माहीत होता म्हणून चूक पकडली गेली. आजोबांच्या नातवाला मात्र तोच फोटो खरा वाटणार आहे.

यावर एक उपाय जपानमधल्या अनुभवात सापडतो. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर तिथल्या किनाऱ्यावर चिखलात लाखो फोटो सापडले. यामामोतो या एका गावातच स्वयंसेवकांनी सुमारे साडेसात लाख फोटो धुऊन, वाळवून, स्कॅन करून ठेवले, म्हणजे लोकांना येऊन आपापले ओळखता यावेत. बेकी मॅन्सन ही फोटोंचं रीटचिंग करणारी व्यावसायिकही त्सुनामीनंतर जपानमध्ये मदतीला गेली होती. तिनं जगभरातल्या आपल्या धंद्यातल्या लोकांना हाक दिली आणि त्यांनी तिथले खराब झालेले फोटो विनामूल्य दुरुस्त करून पाठवले. पण ज्या फोटोत चेहरा आणि हातच शाबूत नाहीत तो खऱ्या अर्थानं दुरुस्त होऊ शकत नाही, हे त्यांनी मानलं होतं. भिंत भरता येते, साडीचा काठ भरता येतो, आकाश भरता येतं. चेहरा मनानं भरला की तो माणूस तिथं राहत नाही. महाडला पूर नवा नाही आणि पुढचा पूर कधी येईल ते कुणाच्या हातात नाही. तेव्हा चेहरा मनानं न भरण्याचा हा नियम इथल्या प्रत्येक दुकानात असायला हवा.

पुराच्या फोटोंबद्दल आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगू शकता. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत. स्वच्छ गार पाण्यात हलकेच चिखल सुटू द्यावा, चित्राच्या बाजूला बोट लावू नये, आणि चित्र वर ठेवून सावलीत वाळवावेत. दोन दिवसांच्या आत हे झालं तर पुष्कळ वाचतं, नंतर बुरशी धरते. फ्रेमच्या काचेला चिकटून वाळलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट तुमच्याकडे आणावा, म्हणजे काचेतून तरी त्याची प्रत काढता येते. एवढ्या ओळी छापून दर जूनमध्ये दुकानाच्या दारावर लावल्या तर कित्येक घरांचे फोटो वाचतील.

सहावी तक्रार छोटी आहे, पण तिचा फटका मोठा बसतो. पासपोर्टच्या आणि सरकारी अर्जांच्या फोटोंवर हात फिरवू नका. पासपोर्टच्या फोटोसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत चेहऱ्याची ठेवण किंवा कातडी बदलायला मनाई आहे, कारण आता विमानतळावर मशीनही चेहरा ताडून बघतं. या दोन तालुक्यांतली कितीतरी मुलं आखातात आणि बोटीवर कामाला जातात. गोरा केलेला फोटो आणि समोर उभा असलेला मुलगा जुळला नाही, तर रांगेतून बाजूला काढला जातो तो मुलगा.

आता तुमची बाजू. तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईकच मागतं. खरं आहे. ‘पोरगी जरा उजळ दिसू द्या, स्थळ आलंय,’ असं आईच सांगते. मोबाइल तर न सांगताच कातडी गुळगुळीत करून देतो, त्यामुळे खरा फोटो लोकांना वाईट वाटायला लागला आहे. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार. ही अडचण एकट्या दुकानदाराची नाही, म्हणूनच हे पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहिलं आहे. सगळ्यांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या तर कुणाचंच गिऱ्हाईक तुटणार नाही. शिवाय लग्नासाठी उजळवलेला फोटो पाहून आलेलं स्थळ मुलीला पाहून परत जातं, तेव्हा तो अपमान तिच्या वाट्याला येतो. हे आईला समजावून सांगितलं तर तिला पटतं.

रायगड आपल्या उशाशी आहे, म्हणून एक आठवण. शिवाजी महाराजांचं म्हणून भलत्याच माणसाचं चित्र एके काळी महाराष्ट्रात चालत होतं. पुस्तकांत होतं, घरांत होतं. वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या डच साधनांतून खरं चित्र शोधून १९३३ च्या सुमारास लोकांपुढे ठेवलं, तेव्हा चूक दुरुस्त झाली. राजाच्या चेहऱ्यासाठी शोध घेणारा इतिहाससंशोधक मिळाला. वाडीतल्या आजीच्या चेहऱ्यासाठी तसा कुणी येणार नाही. तिच्या बाबतीत जे काही आहे ते तुमच्या हार्ड डिस्कवर आहे.

तर मागण्या अशा :

१. फोटो करायच्या आधी गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारा. कोणत्या खुणा ठेवायच्या? कपड्यांचे खरे रंग कोणते? घरात या माणसाचा दुसरा एखादा फोटो आहे का? तीन मिनिटं लागतात.

२. ‘क्लीन करा’ म्हणजे धूळ, चरे, बुरशी आणि घड्या काढणं, एवढाच अर्थ सगळ्या दुकानांत ठरवा. गोरं करणं, धड बदलणं हे कुणी आपणहून स्पष्ट सांगितल्याशिवाय करू नका.

३. मयताच्या फोटोसाठी शक्य असेल तर घरच्या एका जाणत्या माणसाला पडद्याशेजारी बसवा. बहीण असली तर उत्तम. ‘हा डाग काढू?’ असं विचारा. ती सांगेल.

४. एआयनं केलेला चेहरा असेल तर तसं तोंडानं सांगा आणि फोटोच्या पाठीमागे लिहा. पुढच्या पिढीला कळायला हवं.

५. मोठा केलेला फोटो देताना न बदललेली स्कॅनची फाइलही द्या. पेनड्राइव्हवर, मोबाइलवर, कशीही. आणि मूळ फोटो त्याच हातात परत जाईल याची काळजी घ्या. एका नखाएवढ्या मूळ फोटोपुढे कोणत्याही मोठ्या फ्रेमची किंमत कमी आहे.

६. तुमच्याकडचे जुने निगेटिव्हचे डबे फेकू नका. पुरात घर गेलेल्या माणसाचा चेहरा कदाचित फक्त तुमच्या माळ्यावरच्या डब्यात उरलेला असेल. ते डबे माळ्यावर, पाण्याच्या पातळीच्या वर, कोरड्या जागी ठेवा.

७. चांगल्या दुरुस्तीचे पैसे मागा. चेहरा तसाच ठेवून तांबडा उतरवणं हे गोरं करण्यापेक्षा अवघड काम आहे. ते वीस मिनिटांत होत नाही, आणि तुम्ही ते करून दाखवलंत तर माणसं त्याचा मोबदला देतील.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनाही एक विनंती. गणपतीला मुंबईहून चाकरमानी घरी येतात, सगळं घर एकत्र असतं. त्या दिवसांत भिंतीवरच्या फ्रेम खाली काढा. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलनं नाव, गाव आणि नातं लिहा. आज ज्यांना ते चेहरे ओळखू येतात त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. मग ते फोटो जवळच्या स्टुडिओत नेऊन स्कॅन करून घ्या, आणि काउंटरवर सांगा : चेहऱ्याला हात लावू नका, गोंदण तसंच राहू द्या.



तुमच्याच भागातलं
एक जुनं गिऱ्हाईक